अर्थतज्ज्ञांचे एकमत : कोणाचे आणि कशावर?

एखाद्या लोकोपयोगी योजनेच्या खर्चाला कात्री लावावयाची असो, अनुदान आखडते घ्यावयाचे असो की कामगार कायदे सैल करावयाचे असोत, त्या निर्णयाच्या पाठीशी एक वाक्य हमखास उभे केले जाते : ‘याबाबत अर्थतज्ज्ञांचे एकमत आहे.’ हे वाक्य कानी पडले की सामान्य नागरिक गप्प बसतो. चार वैद्यांनी एकच निदान केल्यावर रोग्याने वाद घालू नये, त्यातलाच हा प्रकार. ज्याचे आयुष्य अर्थशास्त्राच्या अध्यापनात गेले त्या प्रस्तुत लेखकानेही हे वाक्य वर्गात अनेकदा उच्चारले आहे. आज मात्र त्यावर एक साधा प्रश्न विचारावासा वाटतो. ज्यांचे एकमत म्हणून सांगितले जाते ते अर्थतज्ज्ञ आहेत तरी कोण?

या प्रश्नाला आधार आहे. नेब्रास्का विद्यापीठातील ॲन मारी मे व मेरी मॅकगार्व्ही आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट व्हेपल्स यांनी अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनच्या स्त्री आणि पुरुष सभासदांची एक मतपाहणी केली. तिचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. पाहणीतील सर्वजण अमेरिकी विद्यापीठांचे डॉक्टरेट. पाठ्यपुस्तके तीच, गणित तेच, परीक्षाही त्याच. शास्त्राची मूलतत्त्वे आणि अभ्यासपद्धती यांविषयी स्त्री-पुरुषांच्या मतांत फारसे अंतर आढळले नाही. धोरणांचा प्रश्न निघाला तेव्हा मात्र वाटा फुटल्या. प्रश्नांची सोडवणूक बाजारावर सोपवण्याकडे पुरुषांचा कल अधिक दिसला. उत्पन्नाची वाटणी अधिक समान करावी, मालकाने कामगाराच्या आरोग्यविम्याची जबाबदारी उचलावी, परदेशी व्यापार करताना तेथील कामगारांच्या स्थितीकडे पाहावे, या गोष्टींना स्त्रियांनी अधिक पाठिंबा दिला. नोकरीच्या बाजारात आणि खुद्द अर्थशास्त्राच्या क्षेत्रात स्त्री-पुरुषांना समान संधी आहे काय, या प्रश्नावर तर मोठीच दरी आढळली. पदवी कोणत्या दशकातील आणि नोकरी कोठली, हे हिशेबात घेऊनही हा फरक उरला. पुढे युरोपातील अर्थतज्ज्ञांच्या अशाच पाहणीचे निष्कर्ष २०१८ साली आले. त्यांचीही दिशा हीच होती.

या संदर्भात आणखी एका अभ्यासाचा निर्देश करावा लागेल. मोहसेन जावदानी आणि हा-जून चांग यांनी १९ देशांतील २,४२५ अर्थतज्ज्ञांपुढे काही विधाने ठेवली. विधान तेच, पण काहींना ते प्रस्थापित अर्थशास्त्रज्ञाच्या नावाने दाखवले, तर काहींना प्रवाहाबाहेरच्या विचारवंताच्या नावाने. नाव बदलताच सहमती घटली. विधान कोणाचे आहे हे न पाहता केवळ आशय पाहावा, असे याच मंडळींपैकी ८२ टक्क्यांनी सांगितले होते! नावाला भुलण्याचा हा दोष स्त्री अर्थतज्ज्ञांत पुरुषांपेक्षा बराच कमी आढळला. आपले शास्त्र व्यक्तिनिरपेक्ष आहे असे मानणाऱ्यांनी यावर शांतपणे विचार करावा.

अशा निष्कर्षांतून दोन सोपे अर्थ काढण्याचा मोह होतो आणि ते दोन्ही टाळले पाहिजेत. बाजारवादी म्हणतील, स्त्रिया मुळातच हळव्या. त्यांनी हिशेबापेक्षा कणवेला महत्त्व दिले. आमच्यातील काही मित्र म्हणतील, स्त्री ही स्वभावतःच समाजवादी आहे. पहिल्याचे खंडन पाहणीनेच केले आहे, कारण मूलतत्त्वांविषयी दोघांची समज सारखीच निघाली. दुसऱ्याचे खंडन इतिहास करतो. परवाने आणि कोटे यांच्या राज्यात उत्पादनापेक्षा परवाना मिळवण्यासाठीच किती शक्ती खर्ची पडते, याचा हिशेब भारत आणि तुर्कस्तान यांची उदाहरणे घेऊन १९७४ साली मांडला तो ॲन क्रूगर यांनी. मिल्टन फ्रिडमन यांच्या १९६३ च्या प्रसिद्ध चलन-इतिहासाच्या सहलेखिका ॲना श्वार्ट्झ होत्या. शासनाच्या हस्तक्षेपावर याहून कठोर टीका क्वचितच कोणा पुरुषाने केली असेल. पाहणी सरासरी सांगते. कोणा एका व्यक्तीचे मत तिच्यावरून ठरत नाही.

मग हा फरक येतो कोठून? पाहणी फरक दाखवते, त्याचे मूळ सिद्ध करीत नाही. तेव्हा पुढे जे मांडत आहे ते माझे अनुमान आहे आणि वाचकांनी ते अनुमान म्हणूनच पारखावे.

राष्ट्रीय उत्पन्नाचा पाठ शिकवताना मी दरवर्षी पिगू यांचे एक उदाहरण देत असे. पिगू यांनी ते १९२० साली आपल्या ग्रंथात दिले आहे. एखाद्या गृहस्थाने आपल्या पगारी स्वयंपाकिणीशी विवाह केला तर राष्ट्राचे उत्पन्न तेवढ्याने घटते, कारण काम तेच राहिले तरी पगार थांबतो. उदाहरण संपले की वर्गात हशा पिकत असे. एका वर्षी मागच्या बाकावरची एक विद्यार्थिनी उभी राहिली आणि म्हणाली, ‘सर, पगार थांबला, पण स्वयंपाक थांबला का?’ मी ‘मोजमापाच्या अडचणी’ असे काहीसे बोललो आणि पुढच्या प्रकरणाकडे वळलो. तो प्रश्न टाळण्याचा विषय नव्हता, त्या तासाचा खरा विषयच तो होता, हे कळायला मला बरीच वर्षे लागली.

शासन की बाजार, हा आमच्या शास्त्रातला जुना वाद. दोन्ही बाजूंनी त्यावर ग्रंथालये भरली. पण या वादात दोनच खातेवह्या उघडल्या जातात, सरकारच्या अंदाजपत्रकाची आणि बाजारातील जमाखर्चाची. तिसरी खातेवही घराची. ती कोणी उघडतच नाही. सरकारने दवाखान्यातील खाटा कमी केल्या तर आजारी माणूस नाहीसा होत नाही; तो घरी येतो आणि त्याच्या उशाशी कोणी तरी बसावे लागते. नळयोजना रखडली तर तहान थांबत नाही, डोक्यावरचा हंडा दोन मैल अधिक चालतो. पाळणाघर बंद झाले तर मूल मोठे व्हायचे थांबत नाही, त्याच्या आईची नोकरी मात्र थांबते. अंदाजपत्रकात अशा रकमेपुढे ‘बचत’ असे लिहिले जाते. वस्तुतः तो खर्च एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेलेला असतो, आणि ज्या खात्यात तो गेला तेथे रुपयांऐवजी स्त्रीच्या दिवसातील तास खर्ची पडतात.

हे तास किती, याचा सरकारी हिशेब आता उपलब्ध आहे. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरातील बिनपगारी कामात भाग घेणारी स्त्री दिवसाला सरासरी २९९ मिनिटे राबत होती आणि असे काम करणारा पुरुष ९७ मिनिटे. त्यातही स्त्रियांपैकी ८१ टक्के या कामात होत्या, तर पुरुषांपैकी अवघे २६ टक्के. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ मिनिटांवर आले. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटे वाचली खरी, पण पुरुषानेही आपली नऊ मिनिटे वाचवून घेतली!

ही तिसरी खातेवही जिने हाताळली आहे, निदान आपल्या आईला हाताळताना पाहिले आहे, ती अर्थशास्त्राची पदवी घेऊन आली तरी ‘शासनाने अंग काढून घेतले की खर्च वाचतो’ हे वाक्य मुकाट्याने स्वीकारणार नाही. यात हळवेपणा कोठे आला? हा अधिक पूर्ण हिशेब आहे. पुरुषालाही तो करता येईल. तो करावा अशी वेळ त्याच्यावर सहसा येत नाही, इतकेच.

मग असा हिशेब शास्त्रात इतक्या उशिरा का आला? ज्यांनी तो मांडला असता त्यांना दाराबाहेर ठेवले होते म्हणून. केंब्रिजमध्ये मेरी पेली यांनी १८७४ साली नीतिशास्त्रे व अर्थशास्त्र यांची अंतिम परीक्षा दिली, पण विद्यापीठाने त्यांना पदवी दिली नाही. आल्फ्रेड मार्शल यांच्यासह त्यांनी १८७९ साली उद्योगाच्या अर्थशास्त्रावर पुस्तक लिहिले. त्याच मार्शल यांनी, त्या वेळी त्यांचे पती असूनही, पुढे १८९६-९७ च्या वादात स्त्रियांना पदव्या देण्यास विरोध केला. केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदवी दिली ती १९४८ साली. जोन रॉबिन्सन यांचा अपूर्ण स्पर्धेवरील ग्रंथ १९३३ चा. त्यांना प्राध्यापकपद मिळाले १९६५ मध्ये. अर्थशास्त्राचे नोबेल स्मृतिपारितोषिक १९६९ पासून दिले जाते. पहिली स्त्री त्या यादीत आली २००९ साली. आपल्याकडे निराळे चित्र आहे असे समजू नये. रिझर्व्ह बँकेची स्थापना १९३५ ची. २०२४ च्या डिसेंबरात तिचे २६ वे गव्हर्नर नियुक्त झाले आणि त्या सव्वीस जणांत एकही स्त्री नाही. ज्या दालनात अर्धा समाज आलाच नाही, तेथील एकमत हे फार तर अर्ध्याचे एकमत होय.

स्त्रिया त्या दालनात आल्या म्हणजे शासन फुगत जाईल, अशी भीती काहींना वाटते. या भीतीचे उत्तर आपल्याच ग्रामपंचायतींनी दिले आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीनंतर एक तृतीयांश सरपंचपदे स्त्रियांसाठी राखीव झाली आणि कोणते गाव राखीव हे योगायोगाने ठरत गेले. रघबेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी पश्चिम बंगाल व राजस्थान येथील पंचायतींची तुलना करून २००४ साली निष्कर्ष मांडले. दोन्हीकडे स्त्री सरपंचांनी पिण्याच्या पाण्यावर अधिक लक्ष दिले. रस्त्यांबाबत मात्र दोन प्रांतांत फरक पडला. बंगालमध्ये गावातील स्त्रियांना रस्ते हवे होते, तेथे त्यांवर अधिक काम झाले. राजस्थानात स्त्रियांची निकड ती नव्हती, तेथे कमी झाले. म्हणजे प्रश्न सरकार मोठे की लहान, एवढाच नव्हता. सरकार कोणाच्या गरजेला हात घालते, हा होता.

महाराष्ट्रातील जुन्या कार्यकर्त्यांना हे नवे वाटणार नाही. १९७२ च्या दुष्काळानंतरच्या महागाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी लाटणी घेऊन मोर्चे काढले, तेव्हा त्यांनी अर्थशास्त्राचे ग्रंथ उघडले नव्हते. गोरेगावने मृणालताईंना ‘पाणीवाली बाई’ म्हटले ते उगीच नव्हे. त्याच दुष्काळातून वि. स. पागे यांची रोजगार हमी योजना उभी राहिली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. आम्हा शहरी पगारदारांच्या वेतनातून व्यवसायकर कापला जाई तो या योजनेसाठी, आणि कामांवर माती उचलणाऱ्यांत मोठा वाटा स्त्रियांचा असे. कामावर मुलांना सांभाळण्याची सोय हवी, हे कागदावर येणे सोपे होते. प्रत्यक्षात ती सोय व्हावी म्हणून मजूर स्त्रियांना भांडावे लागले.

येथे आपल्या पदरीचे मापही दाखवले पाहिजे. नियोजनाचा आम्ही हिरीरीने पुरस्कार केला, पण त्या नियोजनाच्या कुटुंबाचा ‘प्रमुख’ पुरुषच होता. शिधापत्रिका त्याच्या नावाची, जमीन त्याच्या नावाची, रांगेत मात्र ती. बाजाराने तिचे श्रम शून्य मोजले, तर आम्ही ते गृहीत धरले. गृहीत धरणे हाही न मोजण्याचाच एक प्रकार आहे. राज्ययंत्रणेची बाजू घेताना जी यंत्रणा चार तास रांगेत उभी करते तिची बाजूही आपण नकळत घेत होतो. स्त्री अर्थतज्ज्ञांचा शासनाकडे कल आहे म्हणून आम्ही खूष होऊन बसणे हे याच गृहीत धरण्याचे नवे रूप ठरेल. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी कुरणे, मासेमारी आणि पाटबंधारे यांचा अभ्यास करून दाखवले की, लोक अनेकदा स्वतः नियम घालून सामाईक संपत्ती सांभाळतात. तेथे सरकारची वा मालकाची वाट पाहावी लागत नाही. २००९ साली पारितोषिक मिळवणारी पहिली स्त्री त्याच. त्यांचे संशोधन बाजारवाद्यांना जितके अडचणीचे, तितकेच आम्हालाही आहे.

तेव्हा मागणी काय असावी? एखाद्या समितीत शोभेसाठी एक स्त्री बसवली की काम झाले असे नाही. अनुदाने, वेतन, आरोग्य आणि पाणी यांवरील प्रत्येक शासकीय समितीत स्त्री तज्ज्ञ पुरेशा संख्येने असाव्यात, म्हणजे त्यांच्यातही मतभेद होऊ शकतील. खर्चकपातीच्या प्रत्येक प्रस्तावासोबत, त्यामुळे घरातील कामाचे किती तास वाढतील याचा अंदाज मांडणे बंधनकारक करावे. वेळ-वापर पाहणीची आकडेवारी त्यासाठी हाताशी आहे. आणि आमच्या विद्यापीठांनी पिगूंचे ते उदाहरण हशावर न संपवता तेथून पाठ सुरू करावा.

यापुढे कोणी ‘अर्थतज्ज्ञांचे एकमत आहे’ असे सांगू लागले, तर वाचकांनी नम्रपणे दोन प्रश्न विचारावेत : दालनात कोण कोण होते, आणि तिसरी खातेवही उघडली होती काय? मागच्या बाकावरच्या त्या मुलीला मी उत्तर दिले नाही. निदान धोरणे ठरवणाऱ्यांनी तरी तिला पुन्हा खाली बसवू नये.