पत्ता नको, नाव सांग!

मे महिन्यात तुम्ही काय करता बॉस? एसीत बसून लाँग वीकेंड शोधता, बरोबर? मी यंदा गडचिरोलीत होते. धानोरा तालुक्यातलं एक गाव, बाहेर भट्टी, आणि समोर सेकंडहँड लॅपटॉपच्या काळ्या स्क्रीनवर एकच रडगाणं: 'नो सच फाईल ऑर डिरेक्टरी'.

सीझन तेंदूपत्त्याचा. जेमतेम दोन आठवडे सगळं गाव पहाटे जंगलात असतं. सत्तर पानांचा एक पुडा, आणि भाव शंभर पुड्यांमागे. पेसा आणि वनहक्क कायद्यामुळे इथल्या अनेक ग्रामसभा आता पत्त्याचा व्यवहार स्वतःच करतात. म्हणजे कोणाचे किती पुडे, कोणाला किती पैसे, हा हिशोबही त्यांचाच. पुण्यात कोडिंग करणाऱ्या माझ्या मामेभावाने त्यासाठी छोटीशी पायथन स्क्रिप्ट लिहिली होती. एक्सेलचं रजिस्टर आत, घरटी रकमेची यादी बाहेर. मी स्टोरीसाठी निघालेच होते, तर पेनड्राईव्ह माझ्या पर्समध्ये. "एक शब्द टाईप करायचा, एन्टर मारायचं. खल्लास!" इति दादा.

खल्लासच झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी वाटप, आणि स्क्रिप्ट म्हणते फाईलच नाही. रजिस्टर सांभाळणारा मुलगा माझ्याकडे बघत म्हणाला, "ताई, फाईल तं दिसून राहिली न! मंग हा नाही काहून म्हणते?"

शंभर टक्के व्हॅलिड प्रश्न! नेटवर्क फक्त शाळेमागच्या मोहाखाली. तिथे उभं राहून दादाला फोन लावला. "तो मेसेज पूर्ण वाच ना बाई," तो म्हणाला. वाचला. मधोमध एक लांबलचक पत्ता होता, जो मी सरळ स्किप केला होता: /ऑप्ट/होमब्रू/बिन/पायथन३. हरवली होती ती आमची फाईल नव्हती, तिचा इंटरप्रिटर हरवला होता.

फंडा असा आहे. स्क्रिप्ट म्हणजे नुसता मजकूर, मशीनला तो थेट कळत नाही. पहिल्या ओळीत हॅश आणि उद्गारचिन्ह (याला शिबँग म्हणतात, नावावर जाऊ नका) आणि पुढे इंटरप्रिटरचा पत्ता. सिस्टिम ती ओळ बघते आणि फाईल त्या पत्त्यावर नेऊन देते. ही सोय युनिक्सच्या कर्नलमध्ये डेनिस रिची यांनी जानेवारी १९८० मध्ये केली. दादाने पत्ता लिहिला तो स्वतःच्या मॅकवरचा. गावातला लॅपटॉप लिनक्सचा, तिथे होमब्रू नावाची गल्लीच नाही! बरं, मॅक-मॅकमध्येही हा पत्ता सारखा नसतो. जुन्या इंटेल मॅकवर होमब्रूचा मुक्काम /यूएसआर/लोकलमध्ये, नव्या चिपवर /ऑप्टमध्ये.

इंटरप्रिटर म्हणजे आपला दुभाष्याच की. आणि दुभाष्या कसा शोधायचा हे या भागात कोणाला शिकवावं लागत नाही. बाहेरून डॉक्टर किंवा साहेब आला, त्याला गोंडी येत नाही, तर तो घर नंबर विचारत फिरत नाही. चौकात थांबतो आणि विचारतो, गोंडी-मराठी दोन्ही येणारं कोण आहे? जो आधी सापडेल तो सोबत येतो.

दादाने नेमकं हेच करायला सांगितलं. पहिली ओळ खोडून लिहिलं: #!/यूएसआर/बिन/एन्व्ह पायथन३. एन्व्ह म्हणजे तो चौक. मुळात हा प्रोग्रॅम वेगळ्याच कामाचा, दुसरा प्रोग्रॅम चालवण्याआधी त्याची सेटिंग्ज बदलून देणारा. पण त्याचा स्वतःचा पत्ता जवळपास सगळ्या युनिक्सछाप मशीनवर सारखा असतो. त्याला नाव सांगितलं की तो पाथ नावाच्या यादीतले फोल्डर एकेक करून बघतो आणि पहिला सापडेल त्याच्या हाती फाईल देतो. आणि हो, नाव 'पायथन३' असंच पूर्ण लिहायचं. नुसतं 'पायथन' लिहिलं तर कुठे जुनं दुसरं व्हर्जन मिळतं, कुठे काहीच नाही. उबुंटूने तर हे नुसतं नाव बाय डिफॉल्ट ठेवलेलंच नाही.

(पत्त्यांच्या गमती गडचिरोलीला नव्या नाहीत म्हणा. रेल्वेने आलात तर स्टेशनची पाटी म्हणते वडसा, आणि बाहेर पडलात की गाव देसाईगंज! जागा एक, पाट्या दोन. बऱ्याच लिनक्सवर आता /बिन ही अशीच नुसती पाटी उरलीय, माल सगळा /यूएसआर/बिनमध्ये.)

एन्टर मारलं. यादी आली. आम्ही दोघांनी टाळ्या दिल्या, चहा झाला. आणि मग दादाला ओव्हरस्मार्टपणा सुचला. "रोज संध्याकाळी सातला आपोआप चालू दे, क्रॉन लावू." लावलं. सात वाजले, साडेसात वाजले, यादीचा पत्ता नाही. लॉगमध्ये मात्र नवीन एरर: एक्सेल वाचणारी लायब्ररी सापडत नाही. हातानं चालवली की त्याच लॅपटॉपवर तीच स्क्रिप्ट मख्खन!

याचं कारण मला पटायला वेळ लागला. लॅपटॉपवर पायथन दोन होते. एक सिस्टिमचा, आणि दुसरा दादाने दिवाळीत सेटअप करताना लायब्ररीसकट वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवलेला. आपण टर्मिनल उघडतो तेव्हा पाथच्या यादीत दुसरा आधी येतो. क्रॉनकडे मात्र स्वतःची छोटीशी यादी असते, त्यात तो फोल्डरच नाही. एन्व्हने इमानदारीत चौकात विचारलं, पण संध्याकाळी चौकात माणसं वेगळी होती. दुभाष्या मिळाला, पण त्याला हिशोब येत नव्हता.

म्हणून जे लोक एन्व्हला सरसकट रामबाण म्हणतात, त्यांच्याशी माझं आता जमत नाही. स्क्रिप्ट दहा जणांच्या दहा मशीनवर जाणार असेल तर एन्व्हच हवं. पण एकाच मशीनवर, कोणी बघत नसताना, पैशाचा हिशोब करणार असेल तर यादी आपण ठरवून द्यावी. आम्ही क्रॉनच्या फाईलमध्ये सगळ्यात वर पाथची एक ओळ घातली, दादाचा फोल्डर पहिला.

तोवर नऊ वाजले होते. मुलाने रजिस्टरमध्ये त्या संध्याकाळचे पुडे भरले आणि क्रॉनची वेळ टेस्टसाठी पाच मिनिटांनंतरची केली. आम्ही दोघं लॅपटॉपपासून लांब, ओसरीवर जाऊन बसलो. हात लावायचाच नाही असं ठरलं होतं. नऊ वाजून सात मिनिटांनी तो आत डोकावून आला. "आली न ताई," म्हणाला, आणि सकाळी भिंतीवर लावायला यादी वहीत उतरवून घ्यायला बसला. प्रिंटर नव्हताच.