विश्लेषण : सलाईनची सुई टोचताना इतके दुखलेच पाहिजे का?

शिरेत सुई घालताना होणारी वेदना कमी करण्याचे बरेचसे उपाय स्वस्त आहेत, काही तर फुकट. तरीही भिवंडीसारख्या शहरात ते रुग्णापर्यंत का पोहोचत नाहीत?

पावसाळा सुरू झाला की भिवंडीतल्या दवाखान्यांत आणि नर्सिंग होममध्ये एक दृश्य रोजचे होते. तापाने फणफणलेला किंवा जुलाबांनी गळून गेलेला रुग्ण खाटेवर, दंडाला घट्ट रबरी पट्टा आणि शीर काही सापडत नाही. एकदा टोचून होते, सुई आतल्या आत फिरवून होते, मग दुसरा हात. रुग्ण लहान मूल असेल तर दोघेतिघे त्याचे हातपाय दाबून धरतात आणि आईला बाहेर उभे करतात. ‘सुईच तर आहे’ एवढ्यावर विषय संपतो. आजार बरा होतो, पण पुढच्या वेळी ते मूल दवाखान्याच्या पायरीवरच किंचाळू लागते आणि मोठा माणूस ‘सुई नको, गोळ्याच द्या’ म्हणत दाखल होणे दोन दिवस लांबवतो.

जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२४ मध्ये शिरेतील नळीबाबत मार्गदर्शक सूचना जाहीर केल्या. त्या वेळी दिलेल्या आकडेवारीनुसार, रुग्णालयात दाखल होणाऱ्यांपैकी ७० टक्क्यांपर्यंत रुग्णांना कधी ना कधी ही नळी लावावी लागते. इतक्या जणांच्या वाट्याला येणारी वेदना किरकोळ म्हणून सोडून देणे योग्य नाही.

वेदना नेमकी कुठे होते?

मुख्यतः त्वचेत. वेदना जाणवणारे मज्जातंतूंचे टोक त्वचेत दाट असतात. म्हणून त्वचा भेदताना झणका बसतो. त्यानंतरचे दुखणे बहुतेकदा शीर चुकल्याचे, म्हणजे सुई आत फिरवल्याचे असते. जागेलाही महत्त्व आहे. मनगटाची आतली बाजू फार नाजूक, तर अंगठ्याच्या बाजूला मनगटाजवळून मज्जातंतू वरूनच जातो. कोपराखालच्या हाताची सरळ, लवचीक शीर मिळाली तर दुखणेही कमी आणि नळीही जास्त टिकते. शक्यतो रोजच्या कामाचा हात सोडून दुसरा निवडावा. यंत्रमागावर तुटलेला धागा जोडणाऱ्या किंवा गोदामात माल उचलणाऱ्या माणसाला हे वेगळे सांगावे लागत नाही, पण त्याला कोणता हात हवा हे सहसा कुणी विचारत नाही.

सुईच्या जाडीचेही तसेच. नळीच्या टोकाचा रंग तिची जाडी सांगतो : हिरवी १८ गेजची, गुलाबी २०, निळी २२ आणि पिवळी २४. आकडा वाढतो तशी सुई बारीक होते. रक्त चढवायचे असेल, मोठी शस्त्रक्रिया किंवा अपघात असेल तर जाड नळी लागतेच. साध्या प्रतिजैविकासाठी ती लागेलच असे नाही.

आणखी एक बारीकशी गोष्ट म्हणजे स्पिरिट. ते पुसल्यावर सुमारे अर्धा मिनिट वाळू दिले तर जंतू नीट मरतात. ओल्या स्पिरिटवरच सुई टोचली तर ते त्वचेत जाऊन चरचरते. या अर्ध्या मिनिटाला काहीच खर्च नाही.

बधिर करणारे मलम किती उपयोगी?

लिडोकेन आणि प्रिलोकेन ही दोन औषधे प्रत्येकी २.५ टक्के असलेले मलम भारतातही औषध दुकानांत मिळते. ते सुई टोचण्याच्या जागी जाडसर लावून वर पारदर्शक पट्टी चिकटवायची आणि साधारण तासभर थांबायचे. चोळायचे नाही. अडचण आहे ती या तासाची. रक्तदाब कोसळलेल्या रुग्णासाठी तासभर थांबणे शक्य नाही आणि कुणी थांबूही नये. मलमाने शीर थोडी आकसू शकते, हेही खरे. अगदी लहान बाळांत, विशेषतः अपुऱ्या दिवसांच्या, रक्तातील प्राणवायू वाहून नेण्याच्या क्षमतेवर त्याचा परिणाम होऊ शकतो. त्यामुळे ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच लावावे.

घाई असेल तर दुसरा मार्ग आहे. अतिशय बारीक सुईने लिडोकेनचा छोटासा फुगवटा त्वचेत उठवायचा. मिनिटभरात जागा बधिर होते. ‘एका सुईसाठी आणखी एक सुई?’ हा प्रश्न रास्त वाटतो, पण जाड नळी घालायची असेल तर एकूण दुखणे कमीच होते. भूलतज्ज्ञ शस्त्रक्रियागृहात हे करतात. वॉर्डात ते क्वचितच दिसते.

औषधाशिवाय काय करता येते?

बरेच काही. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार, स्पर्श, दाब किंवा थरथर यांचे संदेश मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशाचे ‘फाटक’ अंशतः बंद करू शकतात. गुडघा आपटला की आपण तो चोळतो, ते याचमुळे. सुईच्या जागेच्या थोडे वर बर्फ आणि कंपन देणारी छोटी उपकरणे याच तत्त्वावर निघाली आहेत. उपकरण नसले तरी सुई टोचताना खोकायला सांगणे किंवा लांब श्वास सोडायला लावणे काहींना उपयोगी पडते.

शीरच दिसत नसेल तर कोमट ओले फडके पाच-दहा मिनिटे ठेवावे, हात खाटेखाली लोंबकळू द्यावा, मूठ उघडझाप करावी. हातावर चापट्या मारत बसण्यापेक्षा हे बरे. सुई बघून चक्कर येणाऱ्याने ते आधीच सांगून आडवे व्हावे. यात लाजण्यासारखे काही नाही.

आणि आधी बोलावे. भिवंडीत मराठी, उर्दू, हिंदी आणि तेलुगू एकाच वॉर्डात ऐकू येतात. ‘आता टोचते आहे, थोडे दुखेल, लगेच थांबेल’ एवढे वाक्य रुग्णाच्या भाषेत सांगायला दहा सेकंद लागतात. ‘काहीच दुखणार नाही’ हे मात्र सांगू नये. मूल ते खोटे पहिल्या सुईलाच पकडते.

मुलांचे दुखणे विसरले जाते का?

‘लहान आहे, विसरून जाईल’ ही समजूत विज्ञानाने कधीच मोडीत काढली आहे. नवजात बाळांना वेदना जाणवतात आणि त्याचे परिणाम होतात, हे भारतीय वंशाचे डॉक्टर के. जे. एस. आनंद यांनी १९८७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये मांडले. १९९७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या कॅनडातील अभ्यासात, जन्मानंतर सुंता झालेली बाळे काही महिन्यांनी लस टोचताना इतरांपेक्षा जास्त कळवळताना दिसली. ज्यांना सुंतेच्या वेळी बधिर करणारे मलम लावले होते, त्यांचा त्रास त्यामानाने कमी होता. म्हणजे शरीर वेदना लक्षात ठेवते.

२०२२ च्या अखेरीस गोवरची साथ आली तेव्हा मुंबई आणि मालेगावबरोबर भिवंडीचेही नाव होते. लस न घेण्यामागे स्थलांतर, अफवा, अविश्वास अशी अनेक कारणे असतात. त्यात सुईच्या भीतीची भर घालणे या शहराला परवडणारे नाही.

उपाय साधे आहेत. मुलाला खाटेवर दाबून धरण्याऐवजी आईच्या मांडीवर बसवावे. तान्ह्या बाळाला अंगावर पाजता पाजता सुई टोचता येते. मोठ्या मुलापुढे मोबाइलवर कार्टून लावावे; एरवी ओरडा मिळणारा तो मोबाइल इथे खरोखर कामाचा आहे.

किती वेळा टोचायचे?

अमेरिकेतील इन्फ्युजन नर्सेस सोसायटीची मानके सांगतात की एका कर्मचाऱ्याने दोनपेक्षा जास्त प्रयत्न करू नयेत. मग अधिक अनुभवी हाताला बोलवावे. आपल्याकडे पाचव्या प्रयत्नालाही ‘याची शीरच खराब आहे’ म्हणून दोष रुग्णाला मिळतो. यात सिस्टरना बोल लावणे सोपे आहे, पण अन्यायाचे. एकीला चाळीस खाटा सांभाळायच्या असतील तर ती फडके गरम करणार केव्हा? मात्र ‘दोन झाले, आता थांबा’ म्हणायला जादा मनुष्यबळ लागत नाही. नवशिकीला लाज न वाटता मदत मागता यावी, एवढे वातावरण लागते.

मुळात सलाईन हवे असते का?

सर्वात कमी दुखते ती न टोचलेली सुई. बारा तासांची पाळी करून थकलेला कामगार ‘ताकदीची बाटली’ मागतो आणि काही दवाखाने ती आनंदाने लावतात. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्धा लिटर बाटलीत असते २५ ग्रॅम साखर, म्हणजे पाच-सहा चमचे. नॉर्मल सलाईनच्या तेवढ्याच बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ. उलटी थांबत नसेल, शुद्ध हरपत असेल, शरीर फार कोरडे पडले असेल तर ही बाटली जीव वाचवते. तोंडाने पिता येत असेल तर बहुतेकांचे काम ओआरएसने भागते. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या हजारो रुग्णांवर मीठ-साखरेच्या पाण्यानेच उपचार केले होते. शिवाय गरज संपल्यावर ‘असू दे, लागली तर’ म्हणून हातात राहिलेली नळी सूज आणि जंतुसंसर्गाला निमंत्रण देते.

जबाबदारी कुणाची?

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क आहेत. त्यामुळे बधिर करणारे मलम नातेवाईकांनी बाहेरून आणायची वस्तू राहू नये. निदान बालरुग्ण विभागात आणि वरचेवर नळी लावावी लागणाऱ्या थॅलेसेमिया, डायलिसिस, कर्करोगाच्या रुग्णांसाठी तरी ते कपाटात असावे. ठरलेल्या शस्त्रक्रियेत तर ‘वेळ नव्हता’ ही सबबही चालत नाही. सकाळी नऊला सुई टोचायची असेल तर आठला मलम लागले पाहिजे. त्यासाठी केसपेपरवर आदल्या संध्याकाळी डॉक्टरांची एक ओळ आणि रात्रपाळीच्या सिस्टरकडे एक ट्यूब लागते.