कुलूप नसलेला पियानो

शहरातल्या बागेत, चौकात पियानो ठेवायचा, तो चित्रकारांकडून रंगवून घ्यायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याने बसून वाजवायचा. ही कल्पना आपल्याकडे कुणाला सांगितली की दोन उत्तरं हमखास येतात. पहिलं सगळ्यांचं: "आपल्याकडे? दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याकडे सापडेल." दुसरं खास आपल्या मोहल्ल्यातलं: "मौसिकी हराम आहे, आपला काय संबंध?" ही उत्तरं देणारी माणसं एरवी एकमेकांचं तोंड पाहत नाहीत, पण इथे मात्र त्यांचं एकमत आहे. मला या दोघांशीही भांडायचं आहे. पहिल्याशी जरा जास्त, कारण त्याला कधी कुणी जाब विचारत नाही.

आधी मुळात काय घडलं ते सांगते. ल्यूक जेरम हा ब्रिटिश कलाकार. नाणी टाकून कपडे धुवायच्या दुकानात तो दर आठवड्याला जायचा. तीच माणसं, तीच बाकडी, आणि कुणी कुणाशी चकार शब्द बोलत नाही. अशा जागी एक पियानो ठेवला तर, असं त्याच्या मनात आलं. २००८ साली बर्मिंगहॅममध्ये त्याने १५ पियानो रस्त्यावर आणले. वर लिहिलं होतं, 'मला वाजवा, मी तुमचाच आहे'. मग साओ पावलो, सिडनी, लंडन. २०१० च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये एकदम ६० पियानो बागांमध्ये आणि चौकांमध्ये उभे राहिले. तिथे हे काम 'सिंग फॉर होप' या संस्थेने उचललं. ती दोन गायिकांनी काढलेली: कॅमिल झमोरा आणि मोनिका युनूस. मोनिकाचा जन्म चितगावचा, ग्रामीण बँकवाल्या मुहम्मद युनूस यांची ती मुलगी. आपल्या जलशांमध्ये नोबेल मिळालेल्या बापाचं नाव अभिमानाने घेतलं जातं. ऑपेरा गाणाऱ्या या लेकीचं नाव मी तरी एकाही व्यासपीठावरून ऐकलेलं नाही.

हे पियानो रंगवतात का, हे नीट समजून घ्यायला हवं, कारण आपल्याकडे नेमकं तेवढंच उचललं जाईल अशी मला भीती आहे. जुना उभा पियानो ही दबकवणारी वस्तू आहे. काळा किंवा गडद तपकिरी, चकचकीत, मोठ्या लोकांच्या दिवाणखान्यातला. त्याच्याजवळ जाताना माणूस आधी स्वतःचे हात बघतो. त्यावर भडक निळा-पिवळा रंग चढला, पानंफुलं आली, लहान मुलाने काढल्यासारखे पक्षी आले, की त्याचा रुबाब उतरतो. रंगाचं काम एवढंच, हात लावायची भीती घालवणं. आपल्या नगरपालिकांना रंग कळतो, पण फक्त भिंतीपुरता. स्वच्छ सर्वेक्षण आलं की उड्डाणपुलाचे खांब रंगतात, संडासाच्या भिंतीवर वारली नाचतात, आणि त्यापुढच्या बागेत पाट्या तशाच: हिरवळीवर चालू नये, फुलं तोडू नयेत, कठड्यावर बसू नये. सगळं सुशोभित आणि सगळं मनाई.

आता भंगारवाला. असा पियानो २०० किलोच्या पुढे भरतो. आत ओतीव लोखंडाची चौकट असते, कारण दोनशेहून जास्त तारांचा एकत्रित ताण १५ ते २० टनांच्या घरात जातो. खिशात घालून नेण्यासारखी ही वस्तू नाही. खरा शत्रू चोर नाहीच, हवा आहे. ऊन, दमट हवा, पाऊस यांनी लाकूड फुगतं, तारा उतरतात, आणि चांगला लावलेला पियानो बघता बघता बेसूर होतो. हे न्यूयॉर्कवाल्यांना ठाऊक नव्हतं का? होतं. म्हणून पावसासाठी ताडपत्री ठेवली, लक्ष ठेवायला स्वयंसेवक नेमले आणि तरीही वाद्य झिजणार हे हिशेबात धरलं. मोसम संपला की हे पियानो दुरुस्त करून शहरातल्या सरकारी शाळांना वगैरे देतात. रंगीत फोटो पाहणाऱ्यांच्या नजरेतून सुटते ती नेमकी हीच गोष्ट. उन्हापावसात लोकांच्या हाताखालून गेलेलं वाद्य शेवटी शाळेत पोहोचतं.

आमच्या शाळांमध्ये वाद्य नसतं असं नाही. मी ज्या एका उर्दू शाळेत पूर्वी मराठी शिकवत होते तिथे उत्तम पेटी होती. ती कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली कार्यालयात. वर्षातून दोनदा निघायची, १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला. स्वागतगीतासाठी बाहेरून वाजवणारे गुरुजी यायचे. पाहुणे गेले की पेटी परत आत. मुलांना द्या म्हटलं तर उत्तर ठरलेलं: "मोडतील." सातवीच्या वर्गातल्या मुली बाकावर बोटांनी अशी लय धरायच्या की मला फळ्याकडे तोंड करून हसू लपवावं लागायचं. पेटी त्यांच्यापासून तीस पावलांवर होती. मुलांनी ती मोडली नाही. उंदरांनी भाता कुरतडला, दमट हवेने सूर गंजले. पेटी कुलपाच्या आतच मेली, आणि नोंदवहीत मात्र ती सुस्थितीत होती.

यात मी एकट्या मुख्याध्यापकांना दोष देत नाही. वस्तू डेडस्टॉकला चढली की तिचा जीव सांभाळणं हेच काम होऊन बसतं. मोडली तर खुलासा द्या, निर्लेखनाचा प्रस्ताव पाठवा, तपासणीत उभे राहा. न वापरता कुजली तर कुणी काही विचारत नाही. 'आपली माणसं वस्तू टिकवत नाहीत' हे वाक्य इथून येतं. ते बोलणाऱ्याने आपल्या माणसांच्या हातात वस्तू दिलेलीच नसते.

दुसऱ्या उत्तराकडे वळते. मौसिकीबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत, आजचे नाहीत, शतकानुशतकांचे. इमाम ग़ज़ालींनी 'इह्या'मध्ये समावर अख्खं प्रकरण लिहिलं. ऐकण्याला त्यांनी जागा दिली, काही वाद्यं मात्र वर्ज्य ठरवली. चिश्ती खानकाहांनी वेगळी वाट धरली. ज्याला आपला दीन वाद्यापासून दूर राहायला सांगतो त्याने खुशाल दूर राहावं, मी त्याला स्टुलावर ओढून बसवणार नाही. पण 'आपला संबंध नाही' हे मी ऐकून घेणार नाही. मिरजेत जाऊन बघा. तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या वंशजांनी तिथे सतार-तंबोऱ्याचा धंदा उभा केला, त्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथल्याच मीरासाहेबांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ उरुसात गाणं होतं. देशभर मैफिली रंगवणारी वाद्यं आपल्या घरांत कोरली जातात, आणि आपल्या पोरांना हात लावायला मिळत नाही.

आणि 'मला नको' पासून 'कुणालाच नको' पर्यंत गेलं की काय होतं तेही दिसलेलं आहे. दमास्कसजवळ यार्मूक ही पॅलेस्टिनी निर्वासितांची वसाहत. असदच्या फौजांनी वेढा घातला, माणसं उपासमारीने मेली. त्या पडक्या गल्ल्यांमध्ये अय्हम अहमद हा तरुण चाकांवर पियानो ढकलत न्यायचा आणि वाजवायचा, पोरं भोवती उभी राहून गायची. एप्रिल २०१५ मध्ये दाइशवाल्यांनी तो पियानो जाळला. अहमद जर्मनीला पोहोचला, त्याच वर्षी त्याला बॉनमध्ये बेथोवनच्या नावाचा मानवाधिकार पुरस्कार मिळाला. त्याचा पियानो कुणी रंगवलेला नव्हता आणि त्यावर 'मी तुमचाच आहे' असं लिहिलेलंही नव्हतं.

मला मात्र इथे पुरस्कारवाल्यांबद्दल बोलायचं नाही. ब्रिटनमध्ये स्टेशनांवरच्या अशा पियानोंवर टीव्हीचा कार्यक्रम निघाला. २०२३ मध्ये लीड्सच्या स्टेशनवर तेरा वर्षांच्या अंध मुलीने शोपँ वाजवला आणि गर्दी थबकली. पाहताना माझेही डोळे भरले. पण चौकातला पियानो अशा मुलीसाठीच असतो असं ठरलं, तर ते परत स्वागतगीताचंच गणित झालं. आपल्याला हे गणित फार ओळखीचं आहे. बिस्मिल्ला खाँ झालात तर देश तुम्हाला डोक्यावर घेईल, कलाम झालात तर तुमचा फोटो वर्गात लागेल. साधं राहून, चुकत, बेसूर, दुपारी चार वाजता बागेत बसायचं असेल तर रखवालदार विचारणार: कुठून आला, काय काम आहे? बुरख्यातल्या मुलीला तोही विचारणार आणि घरचेही विचारणार.

मला तीन पट्ट्या चुकीच्या दाबून खिदळणारी मुलगी हवी आहे. तिला चौथी पट्टी सापडेपर्यंत कुणी उठवू नये. त्यासाठी उंची पियानो लागत नाही, आपल्या हवेत तो टिकणारही नाही. जुनी पेटी चालेल, डफ चालेल. शाळेच्या व्हरांड्यात ठेवा, मुलांकडून रंगवून घ्या, आणि खरेदीच्या दिवशीच कागदावर लिहून टाका की ही वस्तू तीन वर्षांत झिजणार आहे. शाळा व्यवस्थापन समितीत पालक बसतात, त्यांनी हा ठराव मांडावा. त्या बैठकीत जो म्हणेल की मुलं मोडतील, त्याला आधी कपाट उघडून आत काय उरलंय ते दाखवायला सांगा.