दप्तर उघडले, पण हक्क सापडणार कसा?

जुनी दप्तरे स्कॅन करून संगणकावर चढविली की ती जनतेला खुली झाली, असा डांगोरा शासन पिटत असते. चंद्रपूर-गडचिरोलीत वनहक्काच्या दाव्यांसाठी पुरावे धुंडाळणाऱ्या कार्यकर्त्यांनी या म्हणण्याची परखड तपासणी केली पाहिजे.

२००६ च्या वनहक्क कायद्याने निस्तारासारखे सामुदायिक हक्क मान्य केले, मग ते कोणत्याही नावाने ओळखले जात असोत. जमीनदारी राजवटीतील नावेही त्यात आली. गॅझेटियर, जमाबंदीचे अहवाल, नकाशे हे पुरावे म्हणून नियमांनी ग्राह्य धरले. म्हणजे कायदा नावापलीकडचा अर्थ पाहतो. यंत्राचा शोध मात्र अक्षरे जुळवितो, आणि स्कॅन केलेले पान त्याच्या लेखी निव्वळ चित्र! शासनाच्या ‘आपले अभिलेख’ संकेतस्थळावर गाव, दस्तऐवजाचा प्रकार आणि क्रमांक देऊन कागद मागावा लागतो. ज्याला क्रमांक ठाऊक, त्यालाच कागद!

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वीचा त्याचा इतिहास चांदा जिल्ह्याच्या दप्तरात आहे. ‘गडचिरोली’ शोधणाऱ्याला अहेरी जमीनदारीचा कागद कसा मिळावा? ‘चराई’ शोधणाऱ्याला ‘निस्तार’ कसा दिसावा?

यावर उपाय आहे. प्रत्येक नोंदीला अर्थाच्या खुणा जोडाव्यात: हे गाव म्हणजे आजचे अमुक गाव, हा शब्द चराईचा हक्क सांगतो, हा नाला म्हणजे नकाशावरील ही शीव. मग एका प्रश्नासरशी विखुरलेले कागद एकत्र येतील. यंत्रे आता हस्ताक्षरही वाचू लागली आहेत, असे उत्तर मिळेल. परंतु अक्षर ओळखणे म्हणजे त्यातला हक्क ओळखणे नव्हे.

खरा प्रश्न पुढेच आहे. या खुणा करणार कोण? कंत्राटदाराच्या कारकुनाने देवराईच्या नोंदीवर ‘शासकीय वन’ एवढीच खूण केली, तर देवराई शोधणाऱ्यापुढे तो कागद येणारच नाही. हक्क लिहिलेला असूनही नाहीसा होईल. म्हणून मूळ पान शाबूत राहावे, खुणा ग्रामसभेत वाचून दाखवाव्यात, माडिया-गोंडी नावे त्यांत यावीत आणि चुकीच्या खुणेवर हरकत घेण्याचा अधिकार गावाला असावा.

गावाला हे जमेल काय, असे कोणी विचारील. अभ्यासगट चालविणाऱ्या मेंढा (लेखा) गावाने २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामुदायिक हक्क मिळविला. जे जंगल सांभाळू शकतात, ते त्याचे कागदही वाचू शकतात. आपली मागणी केवळ दप्तर उघडण्याची नको. त्याचा अर्थ लावण्याच्या अधिकाराची हवी.