बॅकअप किती तासांचा?

‘लाइट गेली’ या दोन शब्दांना शहरात आता काही वजनच उरलेलं नाही. ऑफिसातले दिवे एकदा मिचकतात, जनरेटर घरघरतो, एसी पुन्हा सुरू होतो आणि आपली एक्सेल शीट होती तिथेच असते. रत्नागिरीत मात्र मे महिन्यात हे दोन शब्द अजूनही अख्ख्या वाडीला एकदम ऐकू येतात.

कारण साधं आहे. संध्याकाळी ढग दाटतात, वळवाचा वारा सुटतो, आंब्या-फणसाची एखादी फांदी तारेवर पडते, डीपीवर धाडकन आवाज होतो... की खेळ खल्लास! त्यात समुद्राची खारी हवा, ती तारांना आणि खांबांना सुखाने जगू देत नाही. गंमत बघा, कोयनेची वीज तयार करणारं पोफळी याच जिल्ह्यातलं, चिपळूण तालुक्यातलं. एन्रॉनचा तो गाजलेला दाभोळ प्रकल्पही इथलाच, गुहागर तालुक्यातला. १९९९मध्ये सुरू झाला आणि २००१मध्ये बंद पडला. तो पुन्हा उभा करायला २००५मध्ये नवी कंपनी आली. त्याच सुमाराला राज्यभर भारनियमन इतकं जोरात होतं, की लाइट जाण्याचं वेळापत्रक पेपरात छापून यायचं!

आपल्यापैकी अनेकांच्या मेच्या सुट्टीतल्या आठवणी या वेळापत्रकावरच बेतलेल्या आहेत. लाइट गेली की घर आपोआप पडवीत यायचं. मधल्या खांबाला एक कंदील आणि त्याच्या उजेडात मावतील तेवढी सगळी माणसं. झोपाळ्यावर आजोबा, चटईवर आम्ही चुलत-आते-मामे भावंडं, हातात वारा घ्यायला जुन्या वहीचा पुठ्ठा. मेंढीकोट, गाण्याच्या भेंड्या, मग मुंजा आणि चकव्याच्या गोष्टी. थोरले मात्र अंधारात वेगळंच बोलायचे. काका मुंबईला पहिल्यांदा गेला तेव्हा चाळीच्या गॅलरीत झोपायचा, आत्याचं पहिलं लग्न का मोडलं, कलमं गहाण का पडली... पोरं झोपली असं समजून सांगितलेल्या या गोष्टी आम्ही डोळे मिटून सगळ्या ऐकल्या. बाबा किती सुंदर गातात, हेही तेव्हाच कळलं. उजेडात ते कधी गायलेच नाहीत.

आणि मग ‘आलीऽऽऽ!’ असा वाडीभर एकच ओरडा. दोन मिनिटांत पडवी रिकामी. टीव्हीवर सिरियल सुरू.

पण जरा थांबा. या गोड चित्रात आजी कुठे आहे? दिवेलागणीच्या आधी कंदिलाच्या काचेवरची काजळी राखेने घासून काढणारी ती. रेशनचं रॉकेल पुरवून पुरवून वापरणारी ती. आम्ही भेंड्या खेळत होतो तेव्हा आई आणि काकू चुलीपाशी, चिमणीच्या उजेडात, घामाच्या धारा पुसत पंधरा माणसांचं पिठलं-भात करत होत्या. पंप बंद म्हणून सकाळी विहिरीवर रहाट ओढणाऱ्याही त्याच. त्यांना विचारा, ‘ते दिवस पुन्हा यावेत का?’ हसतील आणि म्हणतील, ‘तू ये हो रहायला, दिवस नकोत.’

या वाक्यात सगळं आलं.

१६ मे २०२१, रविवार. तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला समांतर वर सरकत रत्नागिरीवरून गेलं. झाडं पडली, खांब वाकले, कित्येक गावांत दिवसच्या दिवस वीज नव्हती. कोरोनाची दुसरी लाट चालू होती. मुंबई-पुण्याची काही मुलं लॅपटॉप घेऊन घरीच होती. आधी वायफाय गेलं, मग एकेकाचा मोबाइल मान टाकत गेला आणि किती तरी वर्षांनी पडवीत पत्ते पडले. ती मुलं आज त्या रात्रींबद्दल भरभरून बोलतात. पण त्याच रात्री शहरात अडकलेली दुसरी मुलंही होती. त्यांच्या आई-बाबांचे फोन लागत नव्हते. पुन्हा पुन्हा नंबर फिरवणाऱ्या त्या मुलांना अंधारात नॉस्टॅल्जिक काहीच दिसत नव्हतं. दोन्हीकडे वादळ तेच, काळोख तोच. फरक एवढाच, की एका पडवीत माणसं होती आणि दुसरीत नव्हती.

त्यानंतर आपल्यातल्या अनेकांनी पहिलं काम काय केलं? गावी इन्व्हर्टर बसवून दिला. चांगलंच केलं! सत्तरीतल्या माणसांनी उकाड्यात चाचपडत फिरावं, असं कुणाला वाटेल? फक्त आता लाइट गेली तरी कुणी उठून बाहेर येत नाही. बाबा हॉलमध्ये बातम्या बघत बसतात, आई आतल्या खोलीत मोबाइलवर. पडवीतला झोपाळा दुमडून ठेवलेला.

तेव्हा मंडळी, यंदा गावी इन्व्हर्टर बसवणार असाल तर वायरमन विचारेलच, ‘किती पॉइंट द्यायचे?’ बेडरूमचा पंखा सांगा, राउटर सांगा, स्वयंपाकघरातला दिवा तर आधी सांगा. आणि एक पॉइंट पडवीला द्या, एक ट्यूब, एक पंखा. म्हणजे पुढच्या वेळी आईलाही भेंड्यांना बसता येईल, आजीलाही काजळी घासावी लागणार नाही.

राहिला प्रश्न बॅकअप किती तासांचा. ते बॅटरीवाल्याला विचारून उपयोग नाही. ते तुमच्या मांडवी एक्स्प्रेसच्या रिटर्न तिकिटावर छापलेलं असतं.