कूळ एक, गुण चार



मागच्या महिन्यात एक संदेश बऱ्याच जणांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होता. ‘पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला उगवणारी ही पांढऱ्या फुलांची वनस्पती म्हणजे निसर्गाने दिलेलं टिंक्चर आयोडीन. कापलं, खरचटलं की पाला चुरडून लावा!’ वर्णन होतं एकदांडीचं आणि खाली फोटो होता गाजरगवताचा. दोन-तीन वाचकांनी मला तो पाठवून विचारलं, “यातलं खरं काय?” म्हणून या वेळी सदरात तोच विषय घेतला आहे.

आधीच सांगतो, मी संगणकावर पोट भरणारा माणूस, वैद्य नव्हे. रविवारी सकाळी हैदराबादच्या खडकाळ टेकड्यांवर झाडं बघत हिंडायचं, घरी येऊन पुस्तकं चाळायची, एवढाच माझा अधिकार.

एकदांडी, माका, रानमोडी आणि गाजरगवत ही चारही झाडं एकाच कुळातली, म्हणजे सूर्यफुलाच्या कुळातली. या कुळाची खूण अशी, की आपण ज्याला एक फूल म्हणतो तो खरं तर बारीक बारीक फुलांचा गुच्छ असतो. चौघांपैकी रानमोडी सोडली तर बाकी तिघांना लहान पांढरी फुलं येतात. घोटाळा तिथेच होतो.

पहिली एकदांडी. हिलाच कुठे दगडी पाला म्हणतात, कुठे कंबरमोडी, तर कुठे जखमजोडी. जमिनीलगत पसरते, पानं खरखरीत, लवदार आणि कडेला करवतीसारखे दाते. ओळखायची खरी खूण म्हणजे वीतभर उंच, पानं नसलेला एकच दांडा आणि त्याच्या टोकाला एकच फूल. मधे पिवळं, भोवती साधारण पाच पांढुरक्या पाकळ्या, प्रत्येक पाकळीच्या टोकाला तीन दाते. माझी आजी नांदेडकडची. लहानपणी आमचा गुडघा फुटला, की ती अंगणाच्या कडेचा दगडी पाला तळहातावर चोळून रस पिळायची. झोंबायचं, पण रक्त थांबायचं. आमच्या इमारतीचे तेलुगू वॉचमन अण्णा या झाडाला ‘गड्डी चामंती’ म्हणतात, म्हणजे गवतातली शेवंती. तमिळमध्ये तर याचं नावच ‘कापल्याच्या जखमेचं झाड’ अशा अर्थाचं आहे.

गंमत अशी, की हे झाड मुळात आपलं नाही. ते मध्य अमेरिकेकडचं. लिनियसने १७५३ साली त्याला शास्त्रीय नाव दिलं. मिरची-बटाट्यासारखंच तेही समुद्रापलीकडून आलं. तेव्हा ‘पाच हजार वर्षांची परंपरा’ वगैरे इथे लागू पडत नाही. पण त्यामुळे आजीचं ज्ञान कमी ठरत नाही, उलट मला त्याचं जास्तच कौतुक वाटतं. परक्या मुलखातून आलेलं तण शेताच्या बांधावर दिसलं, कुणीतरी लावून पाहिलं, गुण आला, शेजारणीला सांगितलं आणि वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या माणसांनी त्याचा उपयोग ओळखला. हे पाहून, पारखून शिकलेलं शहाणपण आहे.

दुसरा माका. याला ओल लागते, म्हणून ओढ्याकाठी, भाताच्या बांधावर सापडतो. पानं लांबट, देठ जवळजवळ नाहीच. फूल बटणाएवढं आणि त्याच्या पांढऱ्या पाकळ्या दोऱ्यासारख्या बारीक नि पुष्कळ. पान चुरडलं की रस थोड्या वेळात काळपट होतो, ही त्याची पक्की खूण. आयुर्वेदातला भृंगराज तो हाच. आपल्याला केसांच्या तेलामुळे माहीत, पण त्वचेच्या तक्रारींवर आणि लहानसहान जखमांवरही त्याचा रस लावत आले आहेत.

तिसरी रानमोडी. गोवा, कोकण आणि बेळगावच्या घाटाकडच्या वाचकांना ही नव्याने सांगायला नको. पुरुषभर उंच वाढणारं झुडूप, पानं त्रिकोणी, पानावर ठळक तीन शिरा, चुरडलं की उग्र वास. हिवाळ्यात फिकट जांभळट-पांढऱ्या फुलांचे झुबके येतात. हीसुद्धा अमेरिकेतूनच आली आणि इथली रानं गिळत सुटली. केरळात हिला ‘कम्युनिस्ट पच्चा’ म्हणतात. गवत कापताना विळा लागला, की हिचाच पाला चोळून दाबून धरायची रीत आहे. व्हिएतनाममध्ये तर हिच्या पानांच्या अर्कापासून जखमेवर लावायचं औषध तयार केलं गेलं. मात्र यकृताला घातक ठरणारी द्रव्यंही हिच्यात असतात, म्हणून ही पोटात घ्यायची वस्तू नव्हे. आणि नावं नीट ऐका! कंबरमोडी वेगळी आणि रानमोडी वेगळी. फोनवर ऐकलेल्या नावावरून पाला तोडायला जाऊ नये, ते याचसाठी.

चौथं गाजरगवत ऊर्फ काँग्रेस गवत. पानं गाजराच्या पाल्यासारखी चिरलेली, वरच्या फांद्यांवर साबुदाण्याएवढी पुष्कळ पांढरी फुलं. एकट्या दांड्यावर एकच फूल कधीच नाही. १९५० च्या दशकात पुण्याजवळ त्याची नोंद झाली आणि पुढे ते देशभर पसरलं. याच्या स्पर्शाने अनेकांच्या अंगाला खाज सुटते, पुरळ उठतं, चेहरा आणि मान काळवंडून जाड होते. शेतात निंदणी करणाऱ्या बायामाणसांना हा त्रास वर्षानुवर्षं भोगावा लागतो. फिरत्या संदेशात जखमेवर चोळायला सांगितलेला फोटो या झाडाचा होता, हे लक्षात घ्या.

म्हणजे कूळ एक, पण गुण ज्याचे त्याचे. भावकीत नाही का, एक भाऊ सावकार आणि दुसरा कर्जबाजारी!

आता मुख्य प्रश्न. एकदांडीने जखम भरते का? १९८० च्या दशकापासून आपल्याकडे उंदरांवर प्रयोग झाले आणि काही प्रयोगांत जखम भरून यायला मदत होते असं दिसलं. काचेच्या बशीत वाढवलेल्या जंतूंवरही या पाल्यांच्या अर्काचा परिणाम दिसतो. पण आमच्या धंद्यात एक अनुभव रोजचा आहे. चाचणीच्या यंत्रावर सुरळीत चालणारा प्रोग्रॅम ग्राहकाकडे गेल्यावर कोलमडू शकतो. बशीतला मोजून घेतलेला अर्क वेगळा आणि रस्त्याकडेचा धूळ, शेण, कुत्र्याची घाण लागलेला पाला वेगळा. धनुर्वाताचे जंतू मातीतच असतात. पाला जंतू मारील न मारील, माती मात्र नक्की जखमेत जाईल.

आमच्या कॉलनीतल्या एका काकांना जुना मधुमेह होता. नवी चप्पल पायाला चावली. पायाची संवेदना कमी झालेली, त्यामुळे दुखलं नाही. बारा दिवस ते श्रद्धेने पाला बांधत राहिले. वरून खपली धरलेली दिसत होती, आत पू साचत होता. शेवटी अंगठा काढावा लागला. त्यांनी लावलेला पाला अगदी बरोबर होता, एकदांडीचाच. नुकसान केलं ते वाया गेलेल्या बारा दिवसांनी.

म्हणून घरात सगळ्यांना, विशेषतः वडीलधाऱ्यांना, एवढं सांगून ठेवा. जखम झाली की आधी नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायची. स्वच्छ फडक्याने दाबून धरलं की साधं रक्त थांबतं. जखम खोल असेल, गंजलेलं लोखंड किंवा माती लागली असेल, तर धनुर्वाताच्या इंजेक्शनचं डॉक्टरांना विचारायचं. कुत्रं चावलं तर पंधरा मिनिटं साबण-पाण्याने धुऊन थेट दवाखाना गाठायचा, पाला अजिबात नाही. आणि मधुमेह असलेल्या माणसाच्या पायाची जखम कधीच लहान समजायची नाही.

मग आजीचा दगडी पाला टाकून द्यायचा का? मुळीच नाही. आजीच्या गावाला दवाखाना कोसावर होता, बैलगाडी जुंपेपर्यंत रक्त थांबवायला हाताशी तोच होता. तिने त्याची पारख केली होती, तोडण्याआधी दांडा नि फूल पाहिलं होतं. आपल्या कोपऱ्यावर औषधाचं दुकान आहे, पण पारख मात्र उरली नाही. ती परत मिळवण्यासारखी आहे. या रविवारी मुलांना घेऊन बाहेर पडा. चारांपैकी किती सापडतात बघा, पाकळ्या मोजा, माक्याचा रस काळा होतो का पाहा. गाजरगवताला तेवढा हात लावू नका.

आणि हो, इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्याकडच्या मंडळींनी एकदांडीला तुमच्याकडे काय म्हणतात ते जरूर कळवा. नावाबरोबर फोटोही पाठवा, मात्र त्याच झाडाचा!