अंताक्षरी, व्हाया बेल्जियम

‘डीजे’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? ट्रकवर रचलेली बॉक्सची भिंत, वरातीत घामाघूम झालेला नवरदेवाचा मामा आणि छातीत धडधड! त्यामुळे डीजेचा अल्बम घरी, हेडफोन लावून, पाय पसरून ऐकायचा असं मी म्हटलं की मित्र हमखास विचारतात, ‘‘पण त्यात डीजेचं काय? गाणी तर दुसऱ्यांचीच ना!’’

प्रश्न रास्त आहे, बॉस. उत्तर म्हणून मी दरवेळी एकच अल्बम पुढे करतो. ‘ॲज हर्ड ऑन रेडिओ सोलवॅक्स, पार्ट टू’. २००२ सालचा. करणारे दोघे सख्खे भाऊ, स्टीफन आणि डेव्हिड देवाले, बेल्जियममधल्या गेंट शहरातले. सोलवॅक्स हा त्यांचा स्वतःचा रॉक बँड. डीजे म्हणून उभे राहिले की नाव ‘टू मेनी डीजेज’. तासाभराचा अल्बम आणि त्यात चाळीसच्या वर गाणी!

सुरुवातच बघा. ‘पीटर गन’ ही हेन्री मॅन्सिनीने १९५८च्या डिटेक्टिव्ह मालिकेसाठी केलेली धून. ती वाजवतायत इमर्सन, लेक अँड पामर, म्हणजे सत्तरच्या दशकातले भारदस्त रॉकवाले. आणि त्यांच्या डोक्यावर बसून ओरडतायत बेसमेंट जॅक्स, लंडनचे क्लबवाले. दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, तरी पहिल्या मिनिटात मान डोलायला लागते.

पण माझी खरी फेव्हरिट जोडी पुढे आहे. द स्टूजेसचं ‘नो फन’, १९६९ची खरखरीत, कंटाळलेली गिटार. तिच्यावर सॉल्ट-एन-पेपाचं ऐंशीच्या दशकातलं ‘पुश इट’. इकडे वैतागलेली पोरं, तिकडे फुल्ल ॲटिट्यूडवाल्या पोरी... आणि असं वाटतं की ही गाणी जन्मापासून एकमेकांची वाट बघत होती! एकाचा नुसता आवाज घ्यायचा, दुसऱ्याचं नुसतं वाजवणं घ्यायचं. लय जुळवणं त्यातल्या त्यात सोपं. पण सूर नाही जुळले तर सगळंच बेसूर, आणि सूर जुळूनही दोघांचा स्वभाव नाही जुळला तर नुसता पीजे.

खरं तर ही आपली अंताक्षरीच. आपण अक्षर पकडतो, हे ठेका पकडतात. अंताक्षरीत कुणी अनपेक्षित गाणं काढलं की आपण ‘‘अरे, हे कसं आठवलं!’’ म्हणून टाळी देतो ना? तीच टाळी इथे दर दोन मिनिटांनी द्यावीशी वाटते. डीजेचं काय, तर हे आठवणं.

आणि चिकाटी! अल्बम कायदेशीर काढायचा म्हणून १८७ गाण्यांची परवानगी मागितली गेली. ११४ मिळाली, ६२ जणांनी नकार दिला आणि ११ गाण्यांचे मालकच सापडले नाहीत. म्हणजे आपण ऐकतो तो अल्बम नकार वगळून उरलेल्यातून बांधलाय. नाही म्हणणाऱ्यांची गाणी घातली असती तर तो अजून भारी झाला असता का? काय की. मला तर कुठे भोक दिसत नाही.

सगळंच सही आहे असं नाही हं. मधला इलेक्ट्रोचा पट्टा थोडा एकसुरी होतो आणि काही गमती तिसऱ्यांदा ऐकताना नुसत्या गमतीच उरतात. डेस्टिनीज चाइल्डचं ‘इंडिपेंडंट विमेन’ मात्र ‘ड्रेडलॉक हॉलिडे’वर असं बसलंय, की टेन सीसीचं मूळ गाणं ऐकताना हल्ली मला त्या बायांची उणीव भासते.

एकच अट. शफल बंद! यातलं एखादंच गाणं काढून ऐकणं म्हणजे मिसळीतली नुसती मटकी खाणं. मजा सांध्यात आहे. एक गाणं अजून संपत नाही आणि दुसरं दारातून डोकावतं, त्या दहा-पंधरा सेकंदांत.

ऑफिसात ऐकणार असाल तर डॉली पार्टनच्या ‘नाइन टू फाइव्ह’ला जरा सांभाळा. नोकरदारांचं हे १९८०चं गाणं नॉर्वेच्या रॉयक्सॉपच्या ‘एप्ले’ला असं काही जाऊन मिळतं, की मी खुर्चीसकट गोल फिरलो होतो. समोर बॉस उभा होता. हेडफोन काढून मी म्हणालो, ‘‘सर, रिपोर्ट होतोच आहे.’’